पैसा ज्याचा, फोटो त्याचा : नेपाळच्या शाळेत गेलेल्या एका शिक्षक दांपत्याचं प्रकरण

सर गणित शिकवायचे, बाई पहिली ते चौथीला. दोघंही बेळगावातल्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत. घरात मराठी, कचेरीत कन्नड, वर्गात इंग्रजी. सीमाभागात याचं कुणाला नवल नाही. सरांचं मूळ घर खानापूर तालुक्यात. तिथे थोडी भातशेती आणि म्हातारी आई. मुलगी सातवीत. नेपाळच्या डोंगराळ भागातल्या एका ख्रिस्ती संस्थेच्या निवासी शाळेला गणिताचा शिक्षक हवा होता, आणि वसतिगृहातल्या लहान मुलांकडे बघायला कुणी बाईमाणूस. ओळखीतून विचारणा आली. घरात बराच काळ खल झाला, प्रार्थना झाल्या आणि तिघं निघाले. गोवा एक्स्प्रेसने झाशी, तिथून गोरखपूर, मग सोनौलीची सीमा. १९५० च्या करारामुळे भारतीयाला तिथे व्हिसा लागत नाही, म्हणून घरच्यांना हा परदेश वाटलाच नाही. आई म्हणाली, "काशीच्या पुढं थोडं."

नावं, गाव, मंडळी (म्हणजे त्यांच्या चर्चचे सभासद), शाळा यातलं काहीच मी देत नाही. यातली माणसं आजही रविवारी एकाच बाकावर बसतात. मंडळीच्या कमिटीने हिशेबाच्या वह्या, पत्रं आणि व्हॉट्सॲपची छापलेली पानं माझ्याकडे नजरेखालून घालायला दिली, त्यावरून आणि चौघा-पाचजणांशी बोलून हे लिहितो आहे. शाळेवर खटला झाला नाही, पोलीस आले नाहीत, कुणी पळून आलं नाही. तरीही दीड वर्षात घर दोन देशांत वाटलं गेलं. नेपाळचा कायदा कडक आहे हे खरंच, पण घोळाची सुरुवात बेळगावात झाली, आणि तीही पैसे पाठवायच्या पद्धतीतून.

बिनपगारी नोकरी

शाळेचं म्हणणं साधं होतं : दोन खोल्या, दोन वेळचं जेवण, मुलीची फी माफ, हातखर्चाला थोडे नेपाळी रुपये. बाकीचा आधार आपापल्या मंडळीतून आणायचा. आपल्याकडच्या शिक्षकाला हे ऐकून धक्का बसतो. मिशनच्या जगात ही रीत जुनी आहे. इंग्रज मिशनरी हडसन टेलरने १८६५ मध्ये चीनसाठी मिशन काढलं तेव्हाच ठरवलं होतं की बांधील पगार कुणाला नाही, देव आणि देणारे देतील त्यावर चालायचं. केनियात किजाबे इथे १९०६ पासून चालत आलेली रिफ्ट व्हॅली अकादमी घ्या. तिथले शिक्षकही आपापल्या देशातल्या मंडळ्यांच्या देणग्यांवर जगतात. अमेरिकेत वाढलेला तरुण शिक्षक सुट्टीत दहा-बारा चर्चमध्ये जाऊन आपलं काम मांडतो, लोक महिन्याचा आकडा लिहून देतात. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही.

बेळगावात तसं नाही. इथे शिक्षकाने दारोदार आकडा मागायचा म्हणजे सोसायटीचं कर्ज थकल्यासारखं दिसतं. सर एकाही घरी गेले नाहीत. पाळकसाहेबांनीच, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, उपासनेनंतर विषय काढला. महिन्याला पंचवीस हजार भारतीय रुपये लागतील असं ठरलं. भारतीय रुपया आणि नेपाळी रुपयाचा दर १९९३ पासून एकास एक पूर्णांक सहा असा बांधलेला असल्यामुळे तिथे त्याचे चाळीस हजार होणार, हे खजिनदारांनी फळ्यावर मांडून दाखवलं. हात वर झाले. मराठी उपासनेला येणारे आणि कन्नड उपासनेला येणारे, दोन्हीकडचे. एरवी हॉलची वेळ कुणाची यावरून तणातणी करणारी ही मंडळी या एका गोष्टीत एकत्र आली, हे लिहून ठेवायला हवं.

आपल्या माणसांनी आपल्या पैशाने आपला मिशनरी पाठवायचा, ही कल्पना या देशाला नवी नाही. १९०५ च्या नाताळात सेरामपूरला नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली ती याच हट्टातून. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन पंथाच्या बायका तर शंभरावर वर्षं स्वयंपाकाआधी मूठभर तांदूळ बाजूला काढतात. तो गोळा होऊन विकला जातो आणि त्यातून मिशनरी पोसले जातात. महिला मंडळातल्या एका मावशींनी हे कुठेतरी ऐकलं होतं. खानापूर म्हणजे भाताचा तालुका, तेव्हा तांदळाची टंचाई नव्हती. गुरुवारच्या सभेत एक पत्र्याचा डबा फिरायला लागला. कुणी इंद्रायणी आणायचं, कुणी रेशनचं. सगळं एकत्र झाल्यावर ते विकायला गेल्यास वाणी तोंड वाकडं करायचा, भाव पाडायचा. शेवटी मंडळातल्याच बायका तो मिसळलेला तांदूळ दोन रुपये जास्त देऊन विकत घ्यायच्या आणि दोशांना भिजत घालायच्या. देणारी तीच, घेणारी तीच. पण डबा थांबला नाही.

पैशाची वाट

पहिले काही महिने रक्कम मंडळीच्या न्यासाच्या खात्यातून द्यायचं घाटत होतं. चार्टर्ड अकाउंटंटने ते अडवलं. एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा बाहेरून येणाऱ्या पैशाला लागतो, जाणाऱ्याला नाही, ही गफलत आधी दूर केली. खरी अडचण वेगळी होती : १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ११ प्रमाणे धर्मादाय न्यासाने देशाबाहेर केलेल्या खर्चाला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या खास आदेशाशिवाय सूट मिळत नव्हती. पंचवीस हजारांसाठी दिल्लीच्या वाऱ्या कोण करणार?

मग खजिनदारांनी स्वतःच्या बचत खात्यात पैसे गोळा करून पाठवायची तयारी दाखवली. रिझर्व्ह बँकेची भारत-नेपाळ रेमिटन्स योजना २००८ पासून आहे. एनईएफटीने इथून रुपये जातात, तिथे नेपाळी रुपयांत खात्यावर पडतात. २०२१ मध्ये एका वेळची मर्यादा पन्नास हजारांवरून दोन लाख झाली. म्हणजे वाट मोकळी होती. पण दर महिन्याला तीस-पस्तीस घरांची रोकड खजिनदारांच्या खात्यात पडायला लागल्यावर त्यांच्या मुलाने हात जोडले : "अप्पा, उद्या नोटीस आली तर उत्तर तुम्ही देणार की पाळक देणार?"

तोडगा असा निघाला की लहान रकमा बंद. आठ सुस्थित घरांनी आपापल्या खात्यातून ठरावीक रक्कम थेट सरांना भेट म्हणून द्यायची. नात्याबाहेरच्यांकडून वर्षात पन्नास हजारांच्या वर भेट आली की ती घेणाऱ्याचं उत्पन्न धरतात, त्यामुळे सरांनी विवरणपत्र भरायचं, एवढंच. कागदोपत्री चोख. मी अकाउंटंटच्या जागी असतो तर मीही हेच सुचवलं असतं.

प्रकरणाची दिशा मात्र इथेच फिरली. न्यासाच्या किंवा डब्याच्या पैशाला मालक नसतो. तीस-पस्तीस घरांतलं शंभर-दोनशे देणारं माणूस विचारत नाही की माझ्या शंभराचं काय झालं. महिन्याला तीन हजार स्वतःच्या मोबाइलवरून पाठवणारा विचारतो. वाईट हेतूने नाही, जिव्हाळ्याने विचारतो. आठ घरं म्हणजे आठ फोन, आठ वाढदिवसांची आठवण, आठ ठिकाणी "काम कसं चाललंय?" आणि या मंडळीत "काम" म्हटलं की गणित कुणाच्या मनात येत नाही.

"काम कसं चाललंय?"

सरांची पत्रं मी वाचली. चांगली पत्रं आहेत. वैशाखात शाळा सुरू होते, तिथला विक्रम संवत आपल्या इसवी सनाच्या छप्पन्न-सत्तावन्न वर्षं पुढे चालतो, त्यामुळे हजेरीपटावर तारीख घालताना पहिले महिनाभर हात अडखळायचा. रविवारी शाळा असते आणि सुट्टी शनिवारची, म्हणून तिथल्या ख्रिस्ती मंडळ्यांची उपासनाही शनिवारी. दहावीची एसईई परीक्षा म्हणजे आपली एसएसएलसी, घरादाराचा जीव तिच्यात. लिपी देवनागरी, त्यामुळे बाईंना पहिल्या आठवड्यातच मुलांची नावं वाचता आली. बीजगणितात पोरं हुशार, भूमितीत कच्ची, प्रमेय पाठ करतात. एका पत्रात तर दोन परिच्छेद कंपासपेटीवर आहेत.

आठ घरांना हे नको होतं. एका ज्येष्ठ बंधूंचं उत्तर असं : पत्र पोचलं, आनंद वाटला, आता आत्मिक बातमी कळवा.

ती कळवणं सरांना शक्य नव्हतं, आणि हे त्यांनी जाण्याआधी सांगितलं होतं. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाचं २६ वं कलम धर्माचं स्वातंत्र्य देतं, पण दुसऱ्याचं धर्मांतर करवायला बंदी घालतं. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या तिथल्या अपराध संहितेत त्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगल्यावर सात दिवसांत देशाबाहेर. शाळेने रुजू होतानाच लिहून घेतलं होतं : वर्गात आणि वसतिगृहात धर्माचा प्रचार नाही. मुलं बहुतेक हिंदू आणि बौद्ध घरांतली, आईबाप कतार-मलेशियात कामाला.

या अटीखाली शिकवणारे ते पहिले नव्हते. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघातले अमेरिकन फादर मोरन यांनी १९५१ मध्ये काठमांडूजवळ गोदावरीला सेंट झेवियर्स शाळा काढली ती सरकारच्या बोलावण्यावरून, धर्मांतर नाही या समजुतीवर. त्याच संघातले फादर विल्यम मॅके १९६३ मध्ये भूतानला गेले, त्यांच्या हातून शेरुब्त्से कॉलेज उभं राहिलं आणि त्या देशाने त्यांना आपला गुरुजी मानलं. दोघांनी हयात काढली. पण त्यांच्यामागे एक संघ होता. आपल्या जेवणाचा आणि छपराचा हिशेब त्यांना घरोघरी फोटो पाठवून द्यावा लागत नव्हता.

फोटो

बाईंनी तो फोटो नणंदेला पाठवला. बाकी कुणाला नाही. सकाळची परिपाठाची वेळ, धुकं, पाठीमागे शाळेचं पत्र्याचं छप्पर. निळ्या स्वेटरमधली चौदा लहान मुलं हात जोडून, डोळे मिटून उभी. पुढच्या रांगेतल्या एकाने एक डोळा किलकिला ठेवलाय. बाईंनी खाली लिहिलं होतं, "माझी वांड पोरं, एवढा एकच मिनिट शांत असतात." राष्ट्रगीताआधीचा मौनाचा मिनिट होता तो. असा मौनाचा मिनिट कर्नाटकातल्या शाळांतही असतो.

नणंदेने कौतुकाने महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तिथून एका देणगीदार घरातल्या तरुणाने उचलला, कडेने सोनेरी चौकट लावली आणि मजकूर घातला : नेपाळात चौदा लेकरांनी प्रभूला स्वीकारलं, आपल्या मंडळीच्या मिशनरींसाठी प्रार्थना करा. खाली शाळेचं नाव. ते नाव त्याने पैसे पाठवायच्या फॉर्मवरून घेतलं होतं. चौदा हा आकडा त्याने फोटोतली डोकी मोजून काढला असणार.

बेळगावात नेपाळी माणसं पुष्कळ आहेत. रखवालदार, चायनीजच्या गाड्यांवरची पोरं, मोमोवाले. त्यातले दोघं-तिघं या मंडळीच्या तरुण संघात येतात. त्यातल्या एकाने आपल्या गावाकडच्या शाळेचं नाव ओळखलं आणि आनंदाने फेसबुकवर टाकलं. दोन दिवसांत तो फोटो त्या मुलांपैकी एकीच्या बापाने कतारमध्ये बघितला.

मुख्याध्यापकांनी सरांना बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर तो फोटो छापून ठेवलेला होता, सोनेरी चौकटीसकट. ते स्वतः ख्रिस्ती. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं की हा मजकूर कुणी लिहिला, आणि तुम्हाला पैसे पाठवणारे लोक हेच का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर "हो" असंच होतं.

संस्थेने पालकांची बैठक घेतली, हजेरीपट आणि वेळापत्रक दाखवलं, मुलांना पुढे करून विचारू दिलं. बहुतेक पालक शांत झाले. दोघांनी मुलं काढून नेली. संस्थेने ठरवलं की बाईंनी वसतिगृहाचं काम त्या दिवसापासून सोडावं. सरांनी नववी-दहावीचं गणित चालू ठेवावं, कारण एसईई तोंडावर होती. मला हा निर्णय कठोर वाटत नाही. अशा कागदावर उद्या कुणी तक्रार ठोकली असती तर शाळेलाच टाळं लागलं असतं.

बेळगावची प्रतिक्रिया मला जास्त खटकली. ग्रुपवर लगेच "आपल्या मिशनरींचा छळ होतोय" असा संदेश फिरला, शुक्रवारी उपासाची प्रार्थना ठेवली. सरांनी पाळकसाहेबांना पाठवलेला निरोप त्या छापील पानांत आहे : "सलाम. छळ कुणी केलेला नाही. कृपया फोटो काढून टाकायला सांगा. तो मुलगा डोळा मारतोय, प्रार्थना करत नाही." फोटो काढायला तब्बल आठवडा गेला, कारण ज्याने बनवला त्याचे वडील सगळ्यात मोठी रक्कम देत होते आणि त्यांना कुणी सांगायचं हा प्रश्न होता.

आपणही कधीकाळी "परदेश" होतो

कमिटीपुढे बोलताना मी बेळगावचीच गोष्ट काढली. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बळ्ळारीहून इथे १८२० मध्ये आले. १८३२ मध्ये मिशनची इंग्रजी शाळा सुरू झाली. आज तिला बेनन स्मिथ म्हणून बेळगाव ओळखतं. १९०४ मध्ये हे सगळं काम अमेरिकन मेथडिस्टांकडे गेलं. कॅम्पातली जेझुइटांची सेंट पॉल्स १८५६ ची. म्हणजे शंभरावर वर्षं बेळगाव हे दुसऱ्या कुणाच्यातरी वर्गणीवर चालणारं परदेशातलं ठाणं होतं. इथल्या लोकांनी पोरं पाठवली ती इंग्रजीसाठी, नोकरीसाठी. बाप्तिस्म्यासाठी पाठवणारे थोडेच.

त्या मिशनऱ्यांनाही घरी बातम्या पाठवाव्या लागत. सोसायटीची मासिकं त्यावरच चालायची. १८४४ मध्ये इंग्लंडातल्या मुलांनी पै-पैसा जमवून "जॉन विल्यम्स" नावाचं मिशनचं जहाज विकत घेऊन दिलं, ते अशाच गोष्टी वाचून. तिकडे रंगवून काय छापलं जायचं याची आपल्याकडच्या पालकाला गंधवार्ता नसे. पत्राला आगबोटीने महिने लागत आणि ते मासिक शहापुरात कुणी विकत घेत नसे. देणाऱ्याची भूक तीच राहिली आहे. मधलं पाणी तेवढं आटलं आहे. आता जे देणाऱ्यासाठी लिहाल ते शिकणाऱ्याचा बाप त्याच संध्याकाळी वाचणार.

म्हणून "फोटो टाकू नका, जपून राहा" एवढ्यावर हे मिटत नाही. त्या तरुणाला कमिटीने झापलं, त्याने माफीही मागितली, पण आठ घरांचा थेट पैसा चालू राहिला असता तर दुसरा फोटो सहा महिन्यांत आला असता. मंडळी मिशनरी पोसत होती आणि शाळेने शिक्षक नेमला होता. माणूस एकच. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याचा कागद मागून घेतला नव्हता; शाळेने लिहून घेतलेली अट मंडळीच्या फायलीत नाही, आणि मंडळीचा ठराव शाळेला कधी गेलाच नाही.

पुढे काय केलं

मी सुचवलं ते थोडक्यात असं होतं : सीमेपलीकडे पैसा पाठवणं बंद करा. सरांना नेपाळात जगायला खोली, जेवण आणि हातखर्च आहे. एसईईच्या वर्गासाठी शाळा त्यात थोडी भर घालायला तयार आहे, तसं मुख्याध्यापकांचं पत्र आहे. ओढाताण होते ती इथल्या घराची. आईचं रक्तदाबाचं औषध, शेताची मजुरी, घराच्या कर्जाचा हप्ता. आई या मंडळीची सभासद आहे. तिच्या औषधाला देशाबाहेर जावं लागत नाही आणि त्यासाठी कुणी आत्मिक बातमी मागणार नाही.

आठपैकी पाच घरांनी मानलं. तिघांनी हात काढून घेतला. एकाने स्पष्ट सांगितलं की म्हातारीला मदत करायची तर आमच्या गल्लीत म्हाताऱ्या आहेत. त्याचं म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. तांदळाचा डबा आता विकायला जात नाही. महिन्यातून एकदा खानापूरच्या एसटीत बसून कुणीतरी तो तसाच आईच्या घरी पोचवतं. मिसळलेला तांदूळ आहे अशी आईची तक्रार आहे.

झळ बसली ती बाईंना. वसतिगृह गेलं, दुसरं काम मिळालं नाही, आणि मुलीचा प्रश्न होताच. कर्नाटकातल्या शाळेत कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा म्हणून घ्यावीच लागते. नेपाळात दीड वर्ष तिने कन्नडाचं अक्षर गिरवलं नव्हतं. आणखी दोन वर्षं तिथे काढून थेट दहावीला परत येणं म्हणजे पोरीला विहिरीत ढकलणं. जूनच्या आधी मायलेकी परत आल्या. जुन्या शाळेत बाईंची जागा भरलेली होती. आता त्या घरी शिकवण्या घेतात आणि मुलगी समोरच्या कन्नड टीचरकडे संध्याकाळी जाते. सरांच्या सेवेचा गौरव करणारा ठराव मंडळीने केला. त्यात बाईंचं नाव "सहचारिणी" एवढंच आहे. मी ते बदलायला सांगितलं, अजून बदललेलं नाही.

सर चैत्राच्या अखेरीपर्यंत तिथे आहेत. पुढे राहायचं की नाही हे त्यांनी कळवलेलं नाही. दरम्यान त्याच शाळेने विज्ञानाच्या शिक्षकासाठी पुन्हा विचारणा केली आहे आणि निपाणीकडचा एक तरुण तयार आहे. कमिटीने त्याच्यासाठी एका पानाचा मसुदा केलाय. शाळेची अट त्यात अक्षरशः उतरवली आहे, मराठीत आणि कन्नडात, आणि खाली पैसे देणाऱ्या प्रत्येक घराच्या सहीला जागा ठेवली आहे. आतापर्यंत दोन सह्या झाल्या आहेत.